लोकताक सरोवर : बेकायदा मासेमारी, चोरटी शिकार आणि उपजीविकेचा पेच

मणिपूरची राजधानी इंफाळच्या दक्षिणेस, आझाद हिंद सेनेच्या इतिहासामुळे देशाला परिचित असलेल्या मोइरांग गावाजवळ लोकताक सरोवर पसरलेले आहे. ईशान्य भारतातील गोड्या पाण्याचे हे सर्वांत मोठे सरोवर होय. १९९० साली रामसर करारान्वये त्यास आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. मात्र, १९९३ मध्येच पर्यावरणीय स्थिती ढासळत असलेल्या पाणथळ जागांच्या मॉन्त्रो नोंदवहीत त्याचा समावेश करावा लागला. सरोवरातील मत्स्यसंपदा आणि वन्यजीव वाचविण्यासाठी निर्बंध आवश्यक आहेत, यावर फारसा मतभेद नाही. त्या निर्बंधांचा भार कोणी सोसायचा, हा खरा वादाचा विषय आहे.

तरंगती बेटे आणि ‘अथाफुम’

लोकताकचे वैशिष्ट्य म्हणजे ‘फुमदी’. पाणवनस्पती, त्यांची मुळे, कुजलेला पालापाचोळा आणि माती यांच्या थरांतून तयार झालेली ही तरंगती बेटे होत. त्यांचा सुमारे एक पंचमांश भाग पाण्यावर, तर उरलेला पाण्याखाली असतो. फुमदीवर बांधलेल्या झोपड्यांना ‘फुमशांग’ म्हणतात. मच्छीमारांच्या अनेक कुटुंबांचे जीवन या झोपड्यांतून गेले आहे.

फुमदीचे पट्टे कापून ते वर्तुळाकार जोडावयाचे, बांबूच्या साहाय्याने जागी स्थिर करावयाचे आणि आतील आडोशाला मासे गोळा होऊ द्यावयाचे, या पद्धतीस ‘अथाफुम’ असे नाव आहे. काही काळानंतर या वर्तुळाभोवती जाळे टाकून ते आवळले जाते आणि आतील वनस्पती काढून मासे पकडले जातात. या वेढ्यातून लहानमोठे सर्वच मासे हाती लागतात. अशी वर्तुळे वाढत गेल्याने उघड्या पाण्याचे क्षेत्र आणि प्रवाह आक्रसतो, असा आक्षेप या पद्धतीवर घेतला जातो.

आसाचे महत्त्व

जाळ्याच्या दोन गाठींमधील छिद्रास ‘आस’ म्हणतात. आस मोठा असल्यास लहान मासे निसटतात, वाढतात आणि एकदा तरी अंडी घालतात. मच्छरदाणीसारख्या बारीक आसाच्या जाळ्यात मात्र मत्स्यबीज आणि बोटुकलीही अडकते. बाजारात त्यांना नगण्य भाव मिळतो. परंतु पुढील हंगामातील मोठा मासा तेथेच संपतो. पाण्यात विष कालविणे, स्फोटके वापरणे किंवा विजेचा धक्का देणे हे प्रकार त्याहून घातक ठरतात. त्यांत मासे, त्यांचे खाद्य आणि अन्य जलचर एकाच वेळी नष्ट होतात.

बंधाऱ्याचा परिणाम

मासळी घटण्यामागे केवळ जाळी हे कारण नाही. १०५ मेगावॉट क्षमतेच्या जलविद्युत प्रकल्पासाठी उभारलेला इथाई बंधारा १९८३ साली कार्यान्वित झाला. तत्पूर्वी चिंदविन-इरावती नदीप्रणालीतून मणिपूर नदीमार्गे मासे प्रजननासाठी वर येत असत. हा मार्ग खंडित झाला. मणिपूरचा राज्य मासा असलेला ‘पेंगबा’ नैसर्गिक पाण्यातून जवळपास नाहीसा झाला असून आता तो प्रामुख्याने मत्स्यशेतीत आढळतो.

बंधाऱ्यामुळे काठावरील भातशेतीही पाण्याखाली गेली. जमीन गमावलेली अनेक कुटुंबे मासेमारीकडे वळली. मासे कमी आणि मच्छीमार अधिक, अशी स्थिती निर्माण झाल्यावर बारीक जाळी आणि अथाफुम यांचा आधार वाढणे स्वाभाविक होते.

सांगाई आणि पाणपक्षी

सरोवराच्या आग्नेय भागातील सुमारे ४० चौरस किलोमीटरचे केइबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यान हे ‘सांगाई’ हरणाचे एकमेव नैसर्गिक आश्रयस्थान आहे. हे हरीण नामशेष झाल्याचे मानले जात होते. १९५३ साली त्याचे अस्तित्व पुन्हा आढळले. १९७५ च्या हवाई गणनेत केवळ १४ सांगाई मोजण्यात आली. १९७७ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाले आणि संरक्षणामुळे २०१६ च्या गणनेत ही संख्या २६० पर्यंत पोहोचली.

चोरटी शिकार हा या हरणाला असलेला जुना धोका आहे. दुसरा धोका पायाखालचा आहे. पूर्वी उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर फुमदी तळाला टेकत असे आणि मुळे मातीतून पोषण घेत. आता पातळी वर्षभर उंच राहत असल्याने फुमदी सतत तरंगते, पातळ होते आणि हरणाचा भार पेलू शकत नाही. हिवाळ्यात येणाऱ्या स्थलांतरित बदकांनाही शिकाऱ्यांपासून धोका असतो.

कायद्यातील तफावत

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सांगाईचा समावेश असून शिकारीसाठी ३ ते ७ वर्षे कारावासाची तरतूद आहे. याउलट, भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियम, १८९७ च्या मूळ तरतुदीनुसार पाण्यात विष टाकल्यास २ महिन्यांपर्यंत कारावास किंवा २०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाळ्यांचा आकार आणि प्रकार यांवर निर्बंध घालण्याचे अधिकार याच कायद्याने राज्यांना दिले आहेत.

मणिपूर विधानसभेने २००६ मध्ये लोकताक सरोवर संरक्षण कायदा केला. त्यानुसार सरोवराच्या गाभा क्षेत्रात फुमदीवर झोपडी बांधणे आणि अथाफुम मासेमारी करणे यांस मनाई करण्यात आली. याच कायद्याच्या आधारे नोव्हेंबर २०११ मध्ये शेकडो झोपड्या हटविण्यात आल्या आणि त्यांपैकी अनेक जाळण्यात आल्या. पुनर्वसनाचा प्रश्न त्यानंतर तीव्र झाला.

जाळी जप्त केल्याने सरोवराला उसंत मिळते. परंतु माशांचा बंद झालेला मार्ग त्यामुळे खुला होत नाही. बंधाऱ्यातील पाण्याची पातळी ऋतुमानानुसार खालीवर ठेवणे, प्रजननकाळातील मासेमारी बंदीत कुटुंबांना आधार देणे आणि जाळ्यांच्या आसाबाबतचे नियम ठरविताना मच्छीमारांना सहभागी करून घेणे, या तीन बाबी एकत्र आल्या तरच कायद्याचे पालन करणे त्यांना परवडू शकेल.