चुलीपुढून माणूस उठलं तेव्हापासून

सोसायटीच्या पंचवीस वर्षांत बोअर, टँकर आणि पाणीटंचाई यांवर सांगण्यासारखं पुष्कळ आहे. मी मात्र स्वयंपाकघरातल्या विस्तवाचा इतिहास लिहितोय. त्याला कारण आमच्याच घरी घडलं.

चार वर्षांपूर्वीची दिवाळी. सौ.नं चकल्यांसाठी तेल तापत ठेवलं आणि पुण्याहून मुलाचा फोन आला. रेंज गॅलरीतच येते, म्हणून ती तिकडं गेली. मी हॉलमध्ये पेपर वाचत होतो. उठून पाहतो तर कढई पेटलेली! मी बादली उचलली, तेवढ्यात वासानं धावत आलेल्या शेजारच्या काकू ओरडल्या, "भाऊ, पाणी टाकू नका!" त्यांनी गॅस बंद केला आणि कढईवर परात सरकवली. पेटत्या तेलावर पाणी पडलं की त्याची क्षणात वाफ होते आणि जळतं तेल चहूकडं उडतं, हे मला नंतर कळलं.

तेव्हा आईची चूल आठवली. सरपण सारायचं, फुंकणी घालायची. चुलीपुढून उठायची सोयच नव्हती. मग पंपाचा स्टोव्ह आला. त्याचा आवाज बदलला की पिन मारायची वेळ झाली, हे ओसरीवर बसूनही कळायचं. गॅस मुंबईत १९५० च्या दशकात आला, आपल्या उदगिरात बऱ्याच उशिरा. बायांचे डोळे आणि छाती धुरातून सुटली, हे फार मोठं काम झालं. पण गॅसला ना सरपण लागतं, ना त्याचा आवाज होतो. विस्तव जळत राहिला आणि राखणीचं माणूस उठून गेलं.

त्या माणसाच्या जागी यंत्र बसवायची कल्पना जुनीच. एडिसनचे सहकारी फ्रान्सिस अप्टन आणि फर्नांडो डिबल यांना १८९० मध्ये अमेरिकेत विजेच्या आगसूचकाचं पेटंट मिळालं. उष्णतेनं चालणाऱ्या सूचकाचं तत्त्व सोपं आहे : दोन पट्ट्यांमध्ये लोण्याचा गोळा ठेवला असं समजा, उष्णतेनं तो वितळला की पट्ट्या चिकटतात आणि घंटा वाजते. आता लोण्याच्या जागी तापमान ओळखणारा छोटा भाग असतो. यंत्राजवळची हवा साधारण ५७-५८ अंशांवर गेली की ते कर्कश वाजतं.

धुराचं यंत्र आपल्या स्वयंपाकघरात चालायचं नाही. मिरचीची फोडणी दिली की बोंब मारणार, आणि आठ दिवसांत कुणीतरी त्याचा सेल काढून ठेवणार. उष्णतेचं यंत्र धुराकडं बघत नाही. उदगीरच्या मे महिन्यातले ४२ अंशही त्याच्या मर्यादेच्या खालीच. स्कॉटलंडमध्ये २०२२ पासून प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरात ते सक्तीचं आहे.

पण त्यावर सगळा भार टाकू नका. गळका गॅस त्याला कळत नाही. त्यासाठी आपलं नाक आणि १९०६ हा नंबर. झोपायच्या खोलीत धुराचंच यंत्र हवं. छतावर बसवताना ते शेगडीच्या अगदी वर नको, आणि दर महिन्याला बटण दाबून तपासायला हवं.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला. आग विझवताना अग्निशमन दलाचे अनेक जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. बाबासाहेबांच्या जयंतीमुळं तारीख आपल्याला पाठच आहे. त्या दिवशी घरोघरची यंत्रं एकदा सगळ्यांनी मिळून तपासावीत, एवढा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत व्हावा.

आपल्यापैकी निम्म्या घरांत आता दोन म्हातारी माणसंच उरलीत. लेकरं पुण्याला नाहीतर हैदराबादला. आमच्या काकूही मुलाकडं गेल्या. दोन वर्षं झाली, शेजारच्या दाराला कुलूप आहे.