मित्रशक्तीचा प्रवेश आणि युद्धाचा निकाल : १७७८ च्या फ्रेंच-अमेरिकन कराराचा एक पुनर्विचार

एखाद्या दीर्घकाल चाललेल्या युद्धाची मीमांसा करताना इतिहासलेखकाला एका सोयीच्या वाक्याचा मोह पडतो. अमुक एक बलाढ्य सत्ता रणांगणात उतरली आणि पारडे फिरले, असे ते वाक्य असते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धासंबंधी हे वाक्य विशेष रूढ झाले आहे. फ्रान्सने १७७८ साली बंडखोर वसाहतींशी मैत्री जोडली आणि त्या स्वतंत्र झाल्या, अशी मांडणी पाठ्यपुस्तकांतून वारंवार आढळते. ती कितपत ग्राह्य आहे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम भाषेसंबंधी एक मुद्दा नोंदविला पाहिजे. मराठीत तृतीया विभक्तीचा ‘ने’ हा प्रत्यय कर्त्यालाही लागतो आणि करणालाही लागतो. ‘शिपायाने तलवारीने वार केला’ या वाक्यात दोन्ही पदांना एकच प्रत्यय आहे. त्यांतील कर्ता कोण व साधन कोणते, हे आपण प्रत्ययावरून नव्हे, अर्थावरून ओळखतो. ‘फ्रान्सच्या मदतीने युद्धाचा निकाल लागला’ या वाक्यात हे काम इतके सोपे नाही. मदत हे येथे साधन असेल, तर ते कोणी वापरले हा प्रश्न उरतोच. आणि तीच कर्ती असेल, तर वसाहतींतील लोक केवळ प्रेक्षक ठरतात. वाक्यरचनेत दडून राहणारा हा भेद इतिहासात मात्र उघड करावा लागतो.

आता घटनाक्रम पाहू. फ्रान्सशी मैत्रीचा तह व व्यापारी करार ६ फेब्रुवारी १७७८ रोजी पॅरिस येथे झाले. परंतु फ्रान्सची मदत तत्पूर्वीच सुरू झाली होती. परराष्ट्रमंत्री व्हर्जेन याच्या संमतीने ब्यूमार्शे या नाटककाराने १७७६ मध्ये एक नाममात्र व्यापारी पेढी उभारली. फ्रान्स व स्पेन यांनी प्रत्येकी दहा लाख लिव्हर इतकी रक्कम तिला गुप्तपणे पुरविली. दारूगोळा व बंदुका या मार्गाने अमेरिकेत पोचत होत्या. उघड करारासाठी मात्र व्हर्जेन थांबला होता. १७ ऑक्टोबर १७७७ रोजी सॅराटोगा येथे बरगॉइन या इंग्रज सेनापतीने जवळजवळ सहा हजार सैनिकांनिशी शरणागती पत्करली, त्यानंतर वाटाघाटींना वेग आला. म्हणजे मित्रशक्तीच्या प्रवेशामुळे विजय मिळाला, हे जितके खरे, तितकेच विजयामुळे मित्रशक्तीचा प्रवेश झाला, हेही खरे आहे. जो पक्ष तग धरू शकतो असे दिसते, त्याच्याच बाजूने बलाढ्य सत्ता धोका पत्करते. कारण व कार्य यांचा क्रम येथे उलटसुलट गुंफलेला आहे.

दुसरा मुद्दा कालाचा. करारानंतर लगेच पारडे फिरले असे दिसत नाही. देस्तँ याच्या आरमाराच्या साहाय्याने १७७८ च्या ऑगस्टात न्यूपोर्टवर केलेली स्वारी वादळामुळे व परस्परांतील बेबनावामुळे फसली. १७७९ च्या ऑक्टोबरात सव्हाना येथील संयुक्त हल्लाही मोडला. १२ मे १७८० रोजी चार्ल्स्टन पडले आणि पाच हजारांवर अमेरिकन सैनिक इंग्रजांच्या हाती सापडले. त्याच वर्षी ऑगस्टात कॅम्डन येथे दुसरा दारुण पराभव झाला. तहाला अडीच वर्षे लोटल्यानंतरची ही स्थिती आहे. प्रवेश हाच निर्णायक असता, तर या काळाचा उलगडा होत नाही.

तथापि प्रवेशाचा एक परिणाम तत्काळ झाला, आणि तो अमेरिकेबाहेर झाला. इंग्लंडला आपले सामर्थ्य विभागावे लागले. १७७८ च्या जूनमध्ये इंग्रजांनी फिलाडेल्फिया सोडले. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील सुमारे पाच हजार सैनिक वेस्ट इंडीजकडे रवाना झाले. १७७९ मध्ये स्पेन फ्रान्सचा मित्र म्हणून युद्धात उतरला आणि १७८० च्या डिसेंबरात इंग्लंडने हॉलंडविरुद्धही युद्ध पुकारले. एका खंडातील बंडाचे जागतिक युद्ध झाले. शत्रूपुढे अनेक आघाड्या उभ्या करणे, हेच मित्रशक्तीचे खरे कार्य होते.

आता यॉर्कटाउनचा विचार करू. द ग्रास हा १७८१ च्या ऑगस्टअखेर अठ्ठावीस मोठी लढाऊ जहाजे व तीन हजारांवर सैनिक घेऊन चेसापीक उपसागरात आला. ५ सप्टेंबरच्या सागरी लढाईनंतर इंग्रज आरमार माघारी गेले आणि कॉर्नवॉलिसची समुद्राची वाट बंद झाली. १९ ऑक्टोबर रोजी त्याच्या सात हजारांवर सैनिकांनी शस्त्रे खाली ठेविली. हे आरमार नसते तर हा विजय झाला नसता, यात शंका नाही. परंतु कॉर्नवॉलिस तेथे आला कसा, हाही प्रश्न विचारला पाहिजे. किंग्ज माउंटन व काउपेन्स येथील पराभव, आणि गिलफर्ड येथे जिंकूनही चतुर्थांशाहून अधिक सैन्य गमावणे, या आघातांनंतर तो व्हर्जिनियाकडे वळला होता. ते आघात ग्रीन, मॉर्गन व डोंगराळ भागातील स्थानिक पथके यांनी केले होते. फ्रेंच आरमाराने सापळ्याचे दार लावले. सावज तेथवर आणण्याचे काम इतरांचे होते.

या निष्कर्षाची पडताळणी करण्यास आपल्याकडील इतिहास उपयोगी पडतो. याच काळात फ्रेंचांचा प्रवेश हिंदुस्थानातही अपेक्षित होता. १७७७ मध्ये सँ-ल्यूबँ हा फ्रेंच वकील पुण्यास आला आणि नाना फडणिसांनी त्याचा सत्कार केला. त्या हालचालींची धास्ती, हे हेस्टिंग्जने बंगालमधून पश्चिमेकडे फौज धाडण्याचे एक कारण होते. पण १७७९ च्या जानेवारीत वडगाव येथे इंग्रजांना नमविले, ते मराठ्यांनी स्वबळावर. पाँडिचेरी तर १७७८ च्या ऑक्टोबरातच इंग्रजांनी घेतली होती. सुफ्राँचे आरमार कोरोमंडल किनाऱ्यावर पोचले, तेव्हा १७८२ चा फेब्रुवारी उजाडला होता. मे महिन्यात सालबाईचा तह झाला आणि पोर्तुगीजांखेरीज अन्य युरोपीयांना आपल्या मुलखात वखारी घालू न देण्याचे कलम पुणे दरबाराने मान्य केले. डिसेंबरात हैदरअली मरण पावला. सुफ्राँ हा आरमारी सेनानी म्हणून द ग्रासपेक्षा उणा नव्हता. त्याने इंग्रजांशी पाच लढाया दिल्या. परंतु त्याच्या पराक्रमाचे राजकीय फळ हाती घेईल असा एकजूट पक्ष भूमीवर उरला नव्हता. सत्ता तीच, शत्रू तोच, वर्षेही तीच. निकाल मात्र वेगळा.

यावरून असे म्हणता येईल की, मित्रशक्तीचा प्रवेश युद्धातील शक्यतांची मर्यादा बदलतो; त्या शक्यतांतून निकाल घडविणे हे जो पक्ष मुळात लढत आहे, त्याच्या टिकाव धरण्यावर अवलंबून असते. फ्रान्सशिवाय अमेरिकेचा विजय अशा रीतीने व अशा वेळी झाला नसता, हे विधान सप्रमाण आहे. फ्रान्समुळेच तो झाला, हे विधान नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. या युद्धासाठी फ्रान्सने एक अब्ज लिव्हरहून अधिक खर्च केला. त्या कर्जाच्या भाराखाली १७८९ मध्ये राजाला प्रातिनिधिक सभा बोलवावी लागली आणि क्रांतीचा आरंभ झाला. उलट अमेरिकन वकिलांनी ३० नोव्हेंबर १७८२ रोजी इंग्लंडशी तहाची प्राथमिक कलमे ठरविली, ती फ्रान्सला बाजूस ठेवून. मग या युद्धात कर्ता कोण आणि करण कोणते? दोन्ही पदांना एकच प्रत्यय लागतो, म्हणून हा प्रश्न विद्यार्थ्याने प्रत्येक वेळी नव्याने विचारला पाहिजे.