कोए नो काताची

कोए नो काताची : जपानी ॲनिमेशन चित्रपट. नावाचा अर्थ ‘आवाजाचा आकार’. जपानबाहेर तो ‘अ सायलेंट व्हॉइस’ या नावाने ओळखला जातो. दिग्दर्शन नाओको यामादा, पटकथा रेइको योशिदा, निर्मिती क्योटो ॲनिमेशन, वितरण शोचिकु, लांबी १३० मिनिटे. जपानमध्ये १७ सप्टेंबर २०१६ रोजी प्रदर्शित. प्राथमिक शाळेत एका कर्णबधिर मुलीचा छळ करणारा मुलगा काही वर्षांनी तिला शोधत जातो, हे याचे कथासूत्र. शाळेतील छळावरच्या कथा सहसा सोसणाऱ्याच्या बाजूने सांगितल्या जातात. ही कथा छळणाऱ्याची आहे, आणि चित्रपटाचे बळ व उणीव दोन्ही तिथेच आहेत.

चित्रपटाचा आधार म्हणजे योशितोकी ओइमा (जन्म १९८९) या चित्रकथाकर्तीची त्याच नावाची चित्रकथा. ओइमाची आई खुणांच्या भाषेची दुभाषी होती, त्यामुळे हा विषय घरातच होता. या कथेच्या पहिल्या, छोट्या रूपाला २००८ मध्ये कोदान्शा प्रकाशनाच्या ‘वीकली शोनेन मॅगझिन’चा नवोदितांचा पुरस्कार मिळाला. एरवी असा पुरस्कार मिळाला की कथा छापून येते. इथे मात्र छापायला कोणी धजावेना. अपंग मुलीचा इतका उघडा छळ दाखवला तर कायद्याचे आणि लोकांचे काय, ही धास्ती होती. वकिलांशी आणि जपानच्या कर्णबधिरांच्या महासंघाशी चर्चा झाल्यावर २०११ च्या आरंभी ती ‘बेस्सात्सु शोनेन मॅगझिन’मध्ये आली. आश्वासक गोष्ट अशी, की काही सौम्य करा असे महासंघाने सांगितले नाही. कथा आहे तशी छापावी, हेच त्यांचे मत पडले. पुढे ऑगस्ट २०१३ ते नोव्हेंबर २०१४ या काळात कथा विस्ताराने क्रमशः प्रसिद्ध झाली व तिचे सात खंड निघाले. २०१५ मध्ये ओइमाला तेझुका ओसामु सांस्कृतिक पुरस्कारांपैकी नव्या निर्मात्यासाठीचा पुरस्कार मिळाला. ओत्सु शहरातील एका शाळकरी मुलाच्या आत्महत्येनंतर जपानने २०१३ मध्ये शाळांतील छळ रोखण्याचा कायदा केला होता. कथा क्रमशः येऊ लागली तेव्हा तो विषय घरोघरी बोलला जात होता.

कथा घडते गिफु प्रांतातील ओगाकी या शहरात. हे ओइमाचे जन्मगाव. तिथले पूल आणि पाणी चित्रपटभर दिसत राहते. सहावीच्या वर्गात शोको निशिमिया ही मुलगी नव्याने येते. तिला ऐकू येत नाही. बोलायचे ते ती वहीत लिहून दाखवते आणि इतरांनीही वहीत लिहावे असे सुचवते. पहिले काही दिवस मुले हौसेने लिहितात. मग कंटाळा येतो. शिक्षक काय म्हणाले ते दर वेळी तिला लिहून देणारी नाओका उएनो वैतागते. खुणांची भाषा शिकायला पुढे झालेल्या साहारा या मुलीचीच टर उडवली जाते आणि ती शाळेत येणे बंद करते. शोया इशिदा हा वर्गातला उपद्व्यापी पोरगा. तो शोकोच्या पाठीमागे जाऊन ओरडतो, तिची वही तळ्यात फेकतो, श्रवणयंत्रे हिसकावून खिडकीबाहेर भिरकावतो. एकदा यंत्र ओढताना तिच्या कानातून रक्त येते. पाच महिन्यांत आठ यंत्रे गहाळ किंवा निकामी होतात, तेव्हा कुठे मुख्याध्यापक वर्गात येतात. इतके दिवस पाहून न पाहिल्यासारखे करणारे वर्गशिक्षक सर्वांसमोर शोयाचे नाव घेतात, आणि कालपर्यंत हसणारी मुले त्याच्याकडे बोट दाखवतात. सगळा वर्ग एका क्षणात निर्दोष होतो. हा प्रसंग चित्रपटातील सर्वांत नेमका प्रसंग म्हणावा लागेल. त्यानंतर छळ थांबत नाही, फक्त माणूस बदलतो : आता तळ्यात ढकलला जातो तो शोया.

शोको शाळा सोडून जाते. ती सकाळी लवकर येऊन एक बाक पुसत असे. तो शोयाचा बाक होता आणि त्यावर खडूने लिहिलेल्या शिव्या ती मिटवत होती, हे तिच्या जाण्यानंतर शोयाच्या ध्यानात येते.

चित्रपटाची सुरुवात याच्या पाच-सहा वर्षांनंतरची आहे. एकलकोंडा झालेला शोया घरातल्या आपल्या वस्तू विकतो, मिळेल ते काम करतो आणि आईने यंत्रांच्या भरपाईपोटी दिलेले १७ लाख येन साठवून झोपलेल्या आईच्या उशाशी ठेवतो. देणे फिटले की जीव द्यायचा, असे त्याने ठरवलेले असते. तसे होत नाही. तो खुणांची भाषा शिकून शोकोला भेटायला जातो आणि तिची वही परत करतो. त्याचा मरणाचा विचार आईला कळलेला असतो. सकाळच्या न्याहारीला ती त्या नोटांचे पाकीट धरून, मरणार नाही असे वचन दे, नाही तर हे पेटवते, असा दम भरते. आणि वचन मिळते न मिळते तोच नोटा खरोखरच पेटतात. विनोद आणि काळजी एकाच ताटात वाढण्याची यामादांची हातोटी इथे दिसते. चुकते केलेले पैसे असे राख होतात, आणि हिशेब मिटवून मोकळे होण्याची शोयाची वाटही बंद होते.

शोयाला समोरच्या प्रत्येकाच्या तोंडावर एक मोठी फुली दिसते, कारण तो कोणाच्या डोळ्यांत पाहत नाही. मैत्री जमली की त्या माणसाची फुली गळून पडते. बिनसले की पुन्हा चिकटते. युक्ती साधी आहे, पण ॲनिमेशनलाच शोभणारी. यामादा माणसांचे चेहरे टाळून पाय आणि हात दाखवतात, ही त्यांची जुनी सवय इथे विषयाला चपखल बसली आहे. खाली मान घालून चालणाऱ्या मुलाला पायच दिसणार. खुणांच्या संवादांचा अर्थही बऱ्याच ठिकाणी सांगितला जात नाही. हातांवरून आणि शोयाच्या बोलण्यावरून तो प्रेक्षकाने ओळखायचा. संगीतकार केन्सुके उशिओ यांनी पियानोच्या आत मायक्रोफोन ठेवून ध्वनिमुद्रण केले, त्यामुळे सुरांसोबत लाकडाची, पट्ट्यांची बारीक खटखटही ऐकू येते. शोकोला आवाज सूर म्हणून कळत नसला तरी कंप म्हणून कळतो, हे या संगीताने शब्दांवाचून सांगितले आहे.

शोकोला जपानीत साओरी हायामी यांचा आवाज आहे, शोयाला मियु इरिनो यांचा. इंग्रजी आवृत्तीत शोकोसाठी कर्णबधिर अभिनेत्री घेण्यात आली. शोकोची धाकटी बहीण युझुरू ही तिची रखवालदार. ती मेलेल्या प्राण्यांची छायाचित्रे काढून घरात लावत असते. हा विक्षिप्तपणा वाटतो, पण ते पाहून ताईने मरणाचा विचार सोडावा यासाठीची त्या पोरीची ती धडपड असते. ती पुरी पडत नाही. आपल्यामुळे सर्वांचे वाटोळे झाले असे मानणारी शोको आतषबाजीच्या रात्री घराच्या बाल्कनीतून उडी घेऊ पाहते. तिला वाचवताना शोया खाली नदीत पडतो आणि बरेच दिवस बेशुद्ध राहतो.

चित्रपटावरचा सर्वांत रास्त आक्षेप शोकोविषयीच आहे. ती सतत हसते, सतत माफी मागते आणि छळणाऱ्याला फार लवकर जवळ करते. तिचा राग जवळजवळ दिसतच नाही. सात खंड दोन तासांत बसवताना जे गळले त्यात हेही आले. मूळ चित्रकथेत एक प्रकरण शोकोच्या बाजूने आहे आणि त्यात इतरांचे संवाद अर्धवट, तुटक्या अक्षरांत छापलेले आहेत, कारण तिला ते तसेच कळतात. त्या प्रकरणाची भरपाई चित्रपटात नाही. शोयाला मात्र सहजासहजी सोडलेले नाही : त्यांनी काय केले हे जुन्या सोबत्यांना त्याने तोंडावर सुनावले, की त्यात त्याची स्वतःची सुटकेची धडपड किती, हेही दिसते. कोणाच्याच क्षमेवर तो हक्क सांगू शकत नाही.

२०१६ मध्येच तीन आठवडे आधी आलेल्या ‘किमि नो ना वा’ या चित्रपटाची लाट असतानाही ‘कोए नो काताची’ने जपानमध्ये सुमारे २३० कोटी येन मिळवले. यामादांनी पुढे ‘लिझ ॲण्ड द ब्लू बर्ड’ (२०१८) हा चित्रपट त्याच संस्थेत केला. १८ जुलै २०१९ रोजी क्योटो ॲनिमेशनच्या इमारतीला एका माणसाने आग लावली. तीत ३६ जण दगावले. या चित्रपटातील पात्रांची रेखाटने करणारे फुतोशी निशिया आणि रंगयोजना करणाऱ्या नाओमी इशिदा हे दोघेही त्यांत होते.

चित्रपट पाहणाऱ्याने मूळ सात खंडही वाचावेत. शोकोची बाजू तिथे अधिक आहे.