सोने, सांधे आणि मातीतले जंतू

भंडारा जिल्ह्यातील एकोडीकडे श्रावणात धानाचा रोवणा चालतो, तेव्हा चिखलात पोटऱ्यांपर्यंत उभ्या असलेल्या बाया डाव्या मुठीतील पऱ्हे उजव्या हाताने रोवीत पावलापावलाने मागे सरतात; त्यांतल्या जिला आमवाताने ग्रासले असेल, तिची बोटे सकाळी इतकी आखडलेली असतात की पेंडीचा बंद सोडणेही तिला दुष्कर होते. या मुलखातले धान पिकते ते पुष्कळसे कोहळी समाजाच्या कर्तृत्वाने बांधलेल्या तलावांच्या पाण्यावर. 1950 च्या कायद्याने मालगुजारी खालसा झाली, आणि ‘माजी मालगुजारी’ या दप्तरी शब्दांचा संक्षेप होऊन हे तलाव ‘मामा तलाव’ म्हणून लोकांच्या तोंडी राहिले.

या चिखलात, किंबहुना माती-पाण्यात सर्वत्रच, क्षयजंतूचे, एरवी सहसा निरुपद्रवी असे, भाऊबंद वसतात. आमवाताच्या चिकित्सेचा इतिहास या कुळाशी आरंभापासून गुंतलेला आहे. सुवर्णक्षाराने क्षयजंतूची वाढ खुंटते, असे जर्मन जंतुशास्त्रज्ञ कॉख यांनी 1890 मध्ये सांगितले. आमवात हा क्षयाचाच सोयरा असावा या समजुतीने फ्रान्सच्या फॉरेस्टिये यांनी 1929 मध्ये रुग्णांना सोन्याची इंजेक्शने दिली. समजूत खोटी ठरली, परंतु पुष्कळांचे सांधे खरोखरीच निवले. 1948 मध्ये अमेरिकेच्या हेंच यांनी आमवातावर कॉर्टिसोन हे संप्रेरक दिले, आणि अंथरुणाला खिळलेली रुग्ण स्त्री काही दिवसांत हिंडू लागली.

मुंबईत बापट, कमल रणदिवे आणि खानोलकर यांनी 1958 मध्ये एका कुष्ठरुग्णापासून मिळालेला याच कुळातला जंतू प्रयोगशाळेत वाढविला. पुढे त्यापासून कुष्ठाची लस सिद्ध झाली, आणि तो ‘एव्हियम-इंट्रासेल्युलर’ या क्षयेतर गोत्राचा असल्याचे निष्पन्न झाले. या कार्याची आठवण मराठीत क्वचितच निघते, याची मला खंत वाटते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस आमवातावर टीएनएफ या दाह चेतविणाऱ्या द्रव्याला आवरणारी औषधे आली. सांध्यांचा दाह त्यांनी शमतो. परंतु शरीर ज्या पेशींच्या गाठीत क्षयाचे व क्षयेतर जंतू कोंडून ठेवते, ती गाठही याच द्रव्याच्या आधाराने टिकते; म्हणून या औषधांनी ती सैल होऊन जंतू मोकळे होऊ शकतात, आणि आमवाताने आधीच फुप्फुस जीर्ण झालेले असेल तर हा धोका वाढतो.

थुंकीच्या काचपट्टीवर क्षयाचे व क्षयेतर जंतू सारखेच तांबडे दिसतात, म्हणून आमवाताच्या रुग्णाचा खोकला क्षयाच्या गोळ्यांनी हटत नसेल, तर जंतूचे संवर्धन करून त्याचे गोत्र ठरवावे लागते. तो एव्हियम निघाला, तर थुंकीच्या संवर्धनात जंतू निघेनासे झाल्यावरही वर्षभर औषधे चालू ठेवावी लागतात, आणि सांध्यांचे औषध किती आवरावे, हे फुप्फुसाच्या व सांध्यांच्या वैद्यांनी एकत्र बसून ठरवावे लागते.