हातात बायबल, पायाला माती: ख्रिस्ती शेतांवरची इंटर्नशिप म्हणजे नेमकं काय?

१९५० सालची गोष्ट. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या अमेरिकस या छोट्या शहराजवळ कॉइनोनिया नावाचं एक शेत आहे. तिथे एक भारतीय हिंदू विद्यार्थी पाहुणा म्हणून आला होता. ख्रिस्ती लोकांची उपासना कशी असते, हे त्याला पाहायचं होतं. म्हणून शेतावरच्या मंडळींनी त्याला रविवारी जवळच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये नेलं.

त्याचा सावळा रंग पाहून चर्चमधले गोरे लोक बिथरले. कॉइनोनियावाल्यांनी मुद्दाम एका कृष्णवर्णीय माणसाला आत आणलं, असा त्यांचा समज झाला. थोड्याच दिवसांत चर्चने कॉइनोनियाच्या लोकांचं सदस्यत्व काढून घेतलं.

ज्यांना चर्चने बाहेर काढलं, त्यांचं शेत पुढे श्रद्धा आणि शेती एकत्र शिकण्याचं ठिकाण म्हणून ओळखलं गेलं. अशी शेतं आज जगभर आहेत. तरुण मुलं-मुली तिथे काही महिने किंवा वर्षभर राहतात, माती उकरतात, गुरांचं शेण काढतात, एकत्र जेवतात आणि प्रार्थनाही करतात. या इंटर्नशिपमध्ये नेमकं काय होतं? आणि शेतीत धर्माचं काय काम?

बायबलचा शेतीशी संबंध काय?

बायबलमधली पहिली माणसं बागेत राहतात आणि त्या बागेची मशागत व राखण करणं हे त्यांना दिलेलं पहिलं काम आहे. यहुदी लोकांच्या जुन्या नियमशास्त्रात शेतीचे बरेच नियम येतात. सहा वर्षं जमीन कसायची आणि सातव्या वर्षी तिला विसावा द्यायचा. कापणी करताना शेताच्या कडेचं पीक पूर्ण कापायचं नाही आणि पडलेली कणसंही उचलायची नाहीत. तो सरवा गरिबांचा आणि परक्या मुलखातून आलेल्यांचा.

म्हणजे जमिनीला विश्रांतीचा हक्क आहे आणि पिकात भुकेल्याचा वाटा आहे, असा या नियमांचा अर्थ.

पण बायबलमध्ये दुसरीही एक गोष्ट आहे. पृथ्वीवर सत्ता चालवण्याची आज्ञा माणसाला दिलेली आहे. अमेरिकन इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक गाजलेला लेख लिहिला. निसर्ग माणसाच्या उपयोगासाठीच आहे ही पाश्चात्त्य ख्रिस्ती समजूत पर्यावरणाच्या संकटाच्या मुळाशी आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

यावर बरीच वर्षं वाद झाला. माणूस मालक नाही, तो राखणदार आहे, अशी मांडणी अनेक ख्रिस्ती अभ्यासकांनी केली. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' हे परिपत्रक काढलं. त्यात पर्यावरणाचा ऱ्हास आणि गरिबांचे हाल हे एकाच संकटाचे भाग आहेत, असं मांडलं आहे.

या शेतांवरच्या इंटर्नशिपमागे हाच विचार आहे. राखणदारी पुस्तक वाचून येत नाही, ती हाताने शिकावी लागते.

गाय उसनी देणारं शेत

कॉइनोनियाची सुरुवात १९४२ मध्ये झाली. क्लॅरेन्स जॉर्डन आणि त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स, तसंच मार्टिन आणि मेबल इंग्लंड या दोन जोडप्यांनी ४४० एकरांवर हे शेत उभं केलं. जॉर्डन यांच्याकडे शेतीची पदवी होती आणि बायबलच्या नव्या कराराच्या ग्रीक भाषेत डॉक्टरेटही. इंग्लंड दांपत्य ब्रह्मदेशात मिशनरी म्हणून काम करून परतलं होतं. 'कॉइनोनिया' हा ग्रीक शब्द आहे. मराठी बायबलमध्ये त्यासाठी 'सहभागिता' असा शब्द येतो.

त्या भागातली जमीन कापसाच्या पिकाने थकलेली होती. तिच्यावर राबणारे बरेच शेतकरी कृष्णवर्णीय वाटेकरी होते. जॉर्डन यांनी दोन गोष्टी हाती घेतल्या: जमीन सुधारायची आणि गोऱ्या-काळ्यांनी एकाच टेबलावर जेवायचं. कामाला मजुरी सारखी, जेवणाचं टेबल एकच.

त्यांनी 'गायींचं वाचनालय'ही चालवलं. ज्या गरीब घरात दुभतं जनावर नाही, त्यांनी कॉइनोनियातून गाय न्यायची, दूध काढायचं आणि ती आटली की परत आणून दुसरी न्यायची.

वर्णभेदाच्या त्या काळात गोऱ्या समाजाला हे खपणं शक्य नव्हतं. १९५६ पासून शेतावर बहिष्कार पडला. दुकानदार बियाणं, खत, इंधन देईनात. विमा रद्द झाला. रस्त्याकडेच्या त्यांच्या दुकानात स्फोट घडवले गेले, घरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. १९५७ मध्ये कॅथलिक कार्यकर्त्या डोरोथी डे पहाऱ्याला बसल्या असताना त्यांच्या दिशेनेही गोळीबार झाला.

अंड्यांचा चांगला चाललेला व्यवसाय मोडला. तेव्हा कॉइनोनियाने पेकन, म्हणजे अक्रोडासारखं फळ, टपालाने देशभर विकायला सुरुवात केली. 'जॉर्जियातले नट्स बाहेर पाठवायला मदत करा' अशी त्यांची जाहिरात होती. इंग्रजीत 'नट' म्हणजे वेडा माणूसही. टपाल खातं केंद्र सरकारचं, त्यामुळे स्थानिक बहिष्कार तिथे चालला नाही.

पुढे १९६८ पासून गरिबांसाठी बिनव्याजी घरबांधणीचं काम याच शेतावर सुरू झालं. त्यातूनच १९७६ मध्ये 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' ही संस्था उभी राहिली.

इंटर्न तिथे काय करतात?

कॉइनोनियाने नंतर पर्माकल्चरची वाट धरली. पर्माकल्चर म्हणजे शेताची आखणी अशी करायची की एकाचा कचरा दुसऱ्याचं खत व्हावा. झाडाखाली जनावर चरेल, त्याचं शेण मातीत जाईल, जमीन आच्छादनाखाली राहील आणि बाहेरून कमीत कमी आणावं लागेल. इथे येणारे इंटर्न शेतात, बागेत, स्वयंपाकघरात हाताला पडेल ते काम करतात. त्यासोबत प्रार्थना, सामुदायिक जेवण आणि अभ्यास असतो.

अशा शेतांवरची इंटर्नशिप साधारण याच धर्तीवर चालते. राहणं-जेवण शेताकडून मिळतं. काही ठिकाणी थोडा हातखर्चही मिळतो. दिवस लवकर सुरू होतो. भांडी घासणं, तण काढणं, खताचा ढीग उलटणं हेही अभ्यासक्रमातच येतं. रविवारी किंवा ठरलेल्या दिवशी काम थांबतं, कारण विसावा हाही त्या श्रद्धेचा भाग आहे.

फ्लोरिडातल्या नॉर्थ फोर्ट मायर्स इथली 'एको' ही संस्था मात्र थोडी वेगळी आहे. हैतीमधल्या गरीब शेतकऱ्यांना मदत करण्यासाठी १९७० च्या दशकात ती सुरू झाली. तिच्या शेतावर उष्ण कटिबंधातल्या वेगवेगळ्या परिस्थितींचे नमुने तयार केले आहेत: डोंगरउतार, कोरडवाहू जमीन, मोसमी पावसाचा प्रदेश, शहरातली गच्ची. इंटर्नकडे यातल्या एकेका भागाची जबाबदारी असते. नंतर गरीब देशांत जाऊन काम करण्याची ही तयारी असते.

एकोच्या बियाणे बँकेतून दुर्लक्षित पण उपयोगी पिकांचं बियाणं जगभर जातं. त्यांनी ज्या झाडाचा खूप प्रचार केला, ते आपल्याकडे परसात असतं: शेवगा. त्याची पानं कुपोषणावर उपयोगी पडतात, हे त्यांनी अनेक देशांतल्या कार्यकर्त्यांपर्यंत पोहोचवलं.

जपानमधली शाळा

याच विचाराचं आशियातलं मोठं उदाहरण म्हणजे जपानमधली 'एशियन रुरल इन्स्टिट्यूट'. तोचिगी प्रांतातली ही संस्था पाद्री तोशिहिरो ताकामी यांनी १९७३ मध्ये सुरू केली. १९९६ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आशिया, आफ्रिका आणि इतर भागांतले ग्रामीण कार्यकर्ते इथे एप्रिल ते डिसेंबर असे नऊ महिने राहतात. भारतातूनही अनेक जण इथे शिकून गेले आहेत. भात, भाजीपाला, डुकरं, कोंबड्या असं सगळं सेंद्रिय पद्धतीने सांभाळलं जातं आणि जेवणातलं बहुतेक अन्न याच शेतातून येतं. अन्न आणि जीवन वेगळं करता येत नाही म्हणून त्यांनी 'फूडलाइफ' असा एक शब्दच बनवला. सकाळ-संध्याकाळच्या कामाला ते हेच नाव देतात.

२०११ मध्ये या विचाराची परीक्षा झाली. फुकुशिमा अणुभट्टीच्या दुर्घटनेनंतर किरणोत्सर्गाचे कण या भागातही पडले. ज्या मातीवर चार दशकं मेहनत घेतली, तीच धोक्याची ठरली. संस्थेने शेत सोडलं नाही. माती आणि अन्नातला किरणोत्सर्ग मोजण्याचं केंद्र तिथे सुरू झालं आणि परिसरातल्या शेतकऱ्यांनाही आपलं पीक तपासून घेता आलं.

हा धर्मप्रसार आहे का?

भारतीय वाचकाच्या मनात हा प्रश्न येणं स्वाभाविक आहे. याचं एकच उत्तर नाही. एकोसारख्या संस्था स्वतःला उघडपणे ख्रिस्ती म्हणतात आणि इंटर्नकडूनही त्या श्रद्धेची अपेक्षा ठेवतात. एशियन रुरल इन्स्टिट्यूटचा पाया ख्रिस्ती असला तरी तिथे इतर धर्मांचे लोकही शिकायला येतात. कॉइनोनियाने तर धर्म बदलण्यापेक्षा स्वतःच्या धर्मातल्या लोकांचं वागणं बदलण्याचा आग्रह धरला आणि त्याची किंमत मोजली.

शिकणं की फुकटची मजुरी?

दुसरा प्रश्न पैशाचा आहे. शेतावर राबायचं आणि पगार नाही, मग याला इंटर्नशिप का म्हणायचं?

अमेरिकेत हा कायद्याचाही प्रश्न आहे. नफ्यासाठी चालणाऱ्या व्यवसायात बिनपगारी इंटर्न ठेवायचा असेल, तर या व्यवस्थेचा मुख्य फायदा कोणाला होतो हे पाहिलं जातं. २०१८ मध्ये तिथल्या कामगार खात्याने ही कसोटी स्वीकारली. फायदा मालकाला होत असेल, तर तो इंटर्न कर्मचारी ठरतो आणि त्याला किमान वेतन द्यावं लागतं. धर्मादाय किंवा धार्मिक संस्थेत स्वखुशीने सेवा करण्याला मात्र वेगळी मुभा आहे.

इथेच धोका आहे. 'सेवा' हा शब्द खऱ्या त्यागासाठी वापरता येतो, तसा फुकट राबवून घेण्यासाठीही. मजुराला योग्य मजुरी द्या, हे बायबल पुन्हा पुन्हा सांगतं. त्यामुळे जे शेत मातीची काळजी घेतं पण तिथे राबणाऱ्या मुलांची घेत नाही, ते आपल्याच कसोटीवर नापास होतं.

आणखी एक अडचण आहे. घरून पैशाची मदत नसलेल्या, कर्ज डोक्यावर असलेल्या तरुणाला वर्षभर बिनपगारी राहणं परवडत नाही. त्यामुळे गरिबांसाठी शेती शिकवणारा कार्यक्रम खाऊन-पिऊन सुखी असलेल्यांपुरताच उरू शकतो.

आपल्याकडे असं काही आहे का?

भारतात या विचाराला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे. सॅम हिगिनबॉटम या मिशनऱ्याने १९१० मध्ये अलाहाबादला, आताच्या प्रयागराजला, कृषी संस्था सुरू केली. भुकेल्या माणसाला उपदेशाआधी चांगला नांगर हवा, अशी त्यांची भूमिका होती. ती संस्था आज त्यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे.

महाराष्ट्रात इंटर्नशिपचं रूप नसलं तरी श्रद्धा आणि जमीन यांची सांगड दिसते. स्विस जेझुइट फादर हरमन बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी १९९३ मध्ये 'वॉटर' ही पाणलोट विकासाची संस्था सुरू केली. गावाने श्रमदान करायचं आणि चराई-कुऱ्हाडबंदी पाळायची, ही त्या कामाची अट होती. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या लढ्यात बागायती आणि पाणी वाचवण्यासाठी आवाज उठवला. पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

जाण्याआधी काय विचारावं?

अशा इंटर्नशिपचा विचार करणाऱ्याने काही प्रश्न थेट विचारावेत. दिवसाचे तास किती? शिकवणार कोण आणि काय? हातखर्च, आजारपण आणि विम्याची सोय काय? प्रार्थनेला बसणं सक्तीचं आहे का? परदेशात जायचं असेल तर व्हिसा कोणत्या प्रकारचा? आणि आधी राहून गेलेल्या एखाद्याशी बोलता येईल का?

उत्तरं सरळ मिळाली तर पुढे जायला हरकत नाही. शेत कितीही सेंद्रिय असलं, प्रार्थना कितीही सुंदर असली, तरी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना सारखी जागा आहे का, हे आधी पाहावं. कॉइनोनियाने १९४२ मध्ये सुरुवात तिथूनच केली होती.