औषधासारखा वास, तरी एवढी मागणी का? धुराच्या चवीची 'पीटेड' व्हिस्की नेमकी असते काय?

पहिल्यांदा नाकाजवळ नेली तर दवाखान्याचा वास येतो. कुणाला आयोडीन आठवतं, कुणाला जळकं लाकूड, तर कुणाला ओल्या मातीत विझवलेली चूल. तरीही या व्हिस्कीचे चाहते जगभर आहेत आणि तिच्या बाटल्या महाग विकल्या जातात. हिला 'पीटेड' व्हिस्की म्हणतात.

अशी व्हिस्की आता आपल्या शेजारच्या गोव्यातही तयार होते. पण हा धूर येतो कुठून? बाटल्यांची तुलना करताना लोक 'पीपीएम' कशाला मोजतात? आणि जास्त धूर म्हणजे जास्त चांगली व्हिस्की का?

धूर येतो कुठून?

मानवत-परभणीकडे हिवाळ्यात हुरडा भाजतात. कणीस तेच, पण गोवऱ्यांच्या आगटीवर भाजलं की त्याला वेगळीच चव येते. इथेही काहीसं तसंच घडतं. फक्त कणसाच्या जागी जव आणि गोवरीच्या जागी पीट.

पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेलं, अर्धवट कुजलेलं शेवाळ, गवत आणि झुडपं. स्कॉटलंडच्या बेटांवर झाडं कमी, त्यामुळे लोक पीटच्या विटा कापून, वाळवून सरपण म्हणून वापरायचे.

नाचणीचं सत्त्व करताना आपण नाचणी भिजवतो, मोड आणतो आणि वाळवतो. सिंगल माल्टसाठी जवाचंही हेच करतात. मोड आलेला जव वाळवताना भट्टीत पीट जाळलं, की धुरातली फिनॉल गटातली रसायनं ओलसर दाण्याला चिकटतात. पुढे आंबवणं, ऊर्ध्वपातन आणि ओकच्या पिंपातली वर्षं, या सगळ्यातून हा वास काही प्रमाणात टिकून राहतो.

म्हणजे धूर पिंपातून येत नाही आणि पाण्यातूनही फारसा येत नाही. तो मुख्यतः धान्य वाळवतानाच येतो.

सगळ्या स्कॉचला धुराची चव असते का?

नाही. बहुतेक स्कॉचमध्ये धूर नसतो किंवा अगदी कमी असतो. धुरासाठी सगळ्यात प्रसिद्ध आहे स्कॉटलंडच्या पश्चिमेचं एक छोटं बेट. त्याच्या नावाचा उच्चार 'आयला' असा होतो. मराठी माणसाला हसू येईल, पण उच्चार खरंच तसाच आहे.

बोमोर (१७७९), आर्डबेग आणि लाफ्रॉइग (दोन्ही १८१५), लागावुलिन (१८१६) या डिस्टिलरी याच बेटावरच्या. टॅलिस्कर (१८३०) मात्र स्काय बेटावरची. आपल्याकडे ओळखीच्या असलेल्या जॉनी वॉकर ब्लॅक लेबलमध्ये जो हलका धूर जाणवतो, त्यात आयलाच्या कूल ईला या माल्टचा वाटा आहे.

पीपीएम म्हणजे काय?

पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत फिनॉलचे किती भाग. साधारण आकडे असे सांगितले जातात:

• बोमोर: २५ च्या आसपास
• लागावुलिन आणि कूल ईला: ३५ च्या आसपास
• लाफ्रॉइग: ४० ते ४५
• आर्डबेग: ५५ च्या आसपास
• ऑक्टोमोर: ८० च्या वर. तिच्या ८.३ या आवृत्तीसाठी वापरलेल्या माल्टचा आकडा ३०९ होता.

पण इथेच अनेकांची फसगत होते. हा आकडा बहुतेक वेळा बाटलीतल्या व्हिस्कीचा नसतो, तर वाळवलेल्या जवाचा असतो. प्रक्रियेत त्यातला बराच भाग निघून जातो.

लागावुलिन आणि कूल ईला यांचंच बघा. दोघींचा माल्ट एकाच ठिकाणी, पोर्ट एलन इथे तयार होतो आणि आकडाही जवळपास सारखाच. तरी लागावुलिन जड आणि गोडसर लागते, तर कूल ईला हलकी आणि लिंबासारखी. फरक पडतो तो भांड्याचा आकार, ऊर्ध्वपातनाचा वेग आणि दारू नेमकी कधी गोळा करणं थांबवलं यामुळे. फिनॉल उशिरा उतरतात. लवकर थांबलं तर धूर कमी, उशिरा थांबलं तर जास्त.

पिंपात जसजशी वर्षं जातात, तसतसा धूरही मवाळ होतो. त्यामुळे पीपीएमवरून धुराचा अंदाज येतो, दर्जा ठरत नाही.

मग तुलना करायची कशी?

चव घेण्यासाठी फार थोडी दारू लागते. व्यावसायिक परीक्षक तर अनेकदा चव घेऊन थुंकून टाकतात. काही सोप्या गोष्टी लक्षात ठेवल्या तर फरक कळतो:

१. क्रम हलक्याकडून जडकडे ठेवा. आधी बिनधुराची, मग टॅलिस्कर किंवा बोमोर, शेवटी लाफ्रॉइग किंवा आर्डबेग. आर्डबेग आधी घेतली तर नंतरचं काहीच कळत नाही.

२. तोंडाशी निमुळता असलेला ग्लास घ्या. वास घेताना ओठ किंचित उघडे ठेवा, म्हणजे अल्कोहोल नाकाला झोंबत नाही.

३. धुराचा प्रकार ओळखा. लाकडाचा, राखेचा, औषधाचा की समुद्राचा? लाफ्रॉइग औषधी, आर्डबेग राख आणि लिंबू, टॅलिस्कर मिरी आणि मीठ, असं साधारण वर्णन केलं जातं.

४. बाटलीवरचं अल्कोहोलचं प्रमाण बघा. लागावुलिन १६ मध्ये ४३ टक्के, टॅलिस्कर १० मध्ये ४५.८, आर्डबेग १० मध्ये ४६. जास्त अल्कोहोलचा चटका अनेकांना धूरच वाटतो.

५. दोन-चार थेंब पाणी घाला. धुराचा वास देणारं ग्वायाकॉल पाण्यामुळे पृष्ठभागाकडे येतं, असं स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रारूपातून दाखवलं. बर्फाने मात्र वास दबतो.

गोव्याचा धूर वेगळा का?

गोव्यात कुंकळ्ळीला जॉन डिस्टिलरीजची पॉल जॉन ही सिंगल माल्ट तयार होते. तिने २०१२ मध्ये लंडनच्या बाजारात पदार्पण केलं. 'एडिटेड'मध्ये हलका धूर आहे, 'बोल्ड'मध्ये जास्त. दोन्हींत अल्कोहोल ४६ टक्के. जव भारतातला, पीट मात्र स्कॉटलंडहून येतं. बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीचीही पीटेड सिंगल माल्ट आहे.

खरा फरक हवामानाचा. स्कॉटलंडमध्ये पिंपातली साधारण २ टक्के दारू दर वर्षी उडून जाते. गोव्याच्या उकाड्यात हे प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास सांगितलं जातं. या हिशेबाने पाच वर्षांत तिथे दहावा हिस्सा जातो, तर गोव्यात जवळपास एक तृतीयांश. इथे व्हिस्की लवकर मुरते, म्हणून गोव्याची पाच-सहा वर्षांची व्हिस्की 'कोवळी' समजून बाजूला ठेवणं चूक ठरतं. वयाचा आकडा हवामानासोबतच वाचावा लागतो.

मात्र कितीही चांगली असली तरी तिला 'स्कॉच' म्हणता येत नाही. त्यासाठी व्हिस्की स्कॉटलंडमध्येच गाळलेली आणि तिथेच ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरवलेली असावी लागते. दुसरीकडे, आपल्याकडच्या अनेक स्वस्त व्हिस्कींमध्ये उसाच्या मळीपासून केलेलं स्पिरिट असतं. युरोपीय संघात अशा पेयाला व्हिस्की म्हणून विकता येत नाही.

या धुराची किंमत

पीट वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतं. एक मीटर थर तयार व्हायला सुमारे हजार वर्षं लागतात. हे थर कार्बन साठवून ठेवतात, त्यामुळे पीट कापण्यावर ब्रिटनमध्ये प्रश्न विचारले जात आहेत. कमी पीटमध्ये तोच धूर कसा मिळवायचा, हा या उद्योगापुढचा पेच आहे.

खिशाचं म्हणाल, तर २०२१ मध्ये महाराष्ट्राने आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० वरून १५० टक्के केलं. भारत-ब्रिटन व्यापार करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. त्यात व्हिस्कीवरचं आयात शुल्क १५० वरून आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याची तरतूद आहे.

हे लक्षात ठेवा

महाराष्ट्रात व्हिस्की पिण्यासाठी वयाची २५ वर्षं पूर्ण असावी लागतात आणि परवानाही लागतो. गोव्यात ही वयोमर्यादा २१ आहे. पण गोव्यात घेतलेली बाटली विनापरवाना महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. 'एकच तर आहे' म्हणून गाडीत टाकलेली बाटली चेकनाक्यावर महागात पडू शकते.

(मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे. हा लेख केवळ माहितीसाठी आहे.)