रुळांच्या टोकाला

अहो, बाजूला व्हा, ट्राम येतेय! 1958 चा मार्च आहे. क्रॉफर्ड मार्केटसमोर तुम्ही भर उन्हात उभे आहात, काखेत हाफ इंपीरियलचा बोर्ड, खिशात टू-बी पेन्सिल. पलीकडच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून सरांनी तुम्हांला यथार्थदर्शन शिकायला इथे धाडलंय. गवतात रचलेल्या हापूसच्या पहिल्या पेट्या, मासळी, व्हिक्टोरियाच्या घोड्यांची लीद, तापलेलं डांबर, सगळं एकदम नाकात शिरतं. ट्रामची घंटा ठणाणतेय. हमाल "बाजू, बाजू!" करत अंगावरच येतोय.

आता रुळांकडे बघा. पार तिकडे ते एका टिंबात मिळतात ना? तो लोपबिंदू. त्यातून आडवी रेषा ओढा, ती तुमच्या डोळ्यांच्या उंचीवरची. जवळचा पाटीवाला असो की लांबचा पोलीस, तुमच्याएवढ्या उंचीच्या प्रत्येकाचे डोळे त्याच रेषेवर येतात. माणूस जसजसा लांब, तसे त्याचे फक्त पाय वर सरकतात. आता स्टुलावर बसा. रेषा माणसांच्या कमरेशी आली, आणि दारावरची लॉकवुड किपलिंगची दगडी शिल्पं केवढी उंच गेली! तेही जे. जे.मध्येच शिकवायचे. नुसते गुडघे वाकवले आणि अख्खं मार्केट बदललं. चित्रकलेत याहून मोठी जादू मला तरी ठाऊक नाही.

"माझी हातगाडी काढली का?" मागून कुणीतरी मानेशी श्वास सोडत विचारतो. घामाचा थेंब कागदावर पडतो. रबर लावू नका, कागद फुसफुशीत होईल. वाळू द्या.

दुपारी कमर्शियल आर्टच्या वर्गात या. विषय अल्पबचतीचं पोस्टर. कागद ओला करून बोर्डवर पसरा, गमटेप चाटून कडा चिकटवा. जिभेवर डिंकाची चव राहील, पण वाळल्यावर कागद ढोलकीसारखा ताणलेला मिळेल. रंग तीनच, कारण लिथो छापखान्यात प्रत्येक रंगाची छपाई वेगळी आणि खर्चही वेगळा. रुलिंग पेनात ब्रशने रंग भरा. घट्ट झाला तर शिरोरेखा मध्येच तुटते, पातळ झाला तर पट्टीखाली पसरते. सकाळची हौस फिटली नसल्याने तुम्ही अख्खा रस्ता काढलाय: ट्राम, घरांच्या रांगा, सावल्या, टोकाला पोस्ट ऑफिस.

सर पोस्टर भिंतीला टाचतात आणि तुम्हांला व्हरांड्याच्या टोकाला पिटाळतात.

"आता तिथून झपझप चालत ये. काय वाचलंस?"

"काहीच नाही, सर."

"अरे, सकाळी तू कुठे उभा आहेस ते बघायचं होतं. आता पोस्टर बघणारा कुठे आहे ते बघ. ट्रामच्या दांडीला लोंबकळतोय तो, थांबणार नाहीये!"

मग रस्ता जाऊ द्या. घरं, सावल्या, पोस्ट ऑफिससुद्धा. एक लहान हात ठेवा, त्यात एक नाणं. अक्षरं दुप्पट करा. आणि शिरोरेखा या वेळी एका दमात ओढा.